एका घासाच्या सॅलडला पाणी सुटू नये म्हणून

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी घरी ३० माणसं येणार आहेत. जेवणाआधी तास-दीड तास सगळे उभ्यानेच गप्पा मारतील, एका हातात पेला असेल. तेव्हा द्यायला तळलेलं काही नको, एका घासात खाता येईल असं सॅलड करायचं ठरवलं आहे. मागच्या वेळी हाच बेत फसला. टोस्टवरचं सॅलड पाहुणे यायच्या आतच मऊ पडलं, काकडीच्या वाट्यांखाली ताटात पाणी साठलं, काडीला लावलेला टोमॅटो चावताना रस कपड्यांवर उडाला, आणि निम्म्याहून जास्त तसंच उरलं. मदतीला एकच जण आहे, फ्रिजही लहान आहे. किती प्रकार करावेत? किती नग करावेत? आदल्या दिवशी काय करून ठेवता येईल? आणि हे पाणी थांबवायचं कसं?

— एक वाचक

सल्ला

नमस्कार,

टोस्ट, काकडी आणि टोमॅटो यांच्या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी तिन्हींच्या मुळाशी पाणीच आहे. काकडीत साधारण ९५ टक्के पाणी असतं, टोमॅटोत जवळपास तेवढंच. भाजी चिरली की पेशी फाटून थोडं पाणी सुटतं, मीठ पडलं की आतलंही बाहेर खेचलं जातं. मोठ्या भांड्यातल्या सॅलडमध्ये ते तळाशी जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. एका घासाच्या सॅलडमध्ये त्याला जायला जागाच नसते, म्हणून ते टोस्टमध्ये मुरतं नाहीतर ताटात उतरतं.

त्यामुळे कामाची पद्धतच बदला. वाटी, सारण आणि ड्रेसिंग तिन्ही वेगवेगळी तयार ठेवा. ज्याला पाणी सुटणारच आहे त्याचं पाणी आधीच सोडवून पुसून टाका. आणि तिन्ही एकत्र करायचं काम शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासासाठी राखून ठेवा. मागच्या वेळी सगळं आधी भरून ठेवलं असणार. मदतीला माणूस कमी असला की तसंच करावंसं वाटतं, पण नेमकं तेच या पदार्थांना सोसत नाही.

किती आणि केवढं

जेवण नंतर असेल तर माणशी ४ नग पुरतात. ३० जणांचे १२० होतात. प्रकार तीनच करा. दोन माणसांच्या हातांना शेवटच्या घाईत चौथा प्रकार झेपत नाही, आणि पाहुण्यांनाही तीनापलीकडे फारसा फरक जाणवत नाही. आमचा हिशेब असा: काडीवरचे ५०, काकडीच्या वाट्या ४०, लेट्यूसच्या पानातले ३०. काडीवरचे सर्वांत आधी संपतात, म्हणून ते जास्त. जेवण नसून हेच खाणं असतं तर माणशी १० ते १२ नग धरावे लागले असते आणि सोबत पोट भरणारं काहीतरी लागलं असतं. तो बेतच वेगळा.

उरण्याचं कारण बहुतेक वेळा आकार असतो. उभ्या माणसाचा एकच हात मोकळा असतो. नग तोंडात पूर्ण मावला नाही तर अर्धा चावावा लागतो, उरलेलं अर्धं हातात फुटतं आणि सारण सांडतं. एकदा असं झालं की तो माणूस दुसरा नग उचलत नाही, आणि बघणारेही उचलत नाहीत. रुंदी ३.५ ते ४ सेंटिमीटरच्या आत आणि भरलेल्या नगाचं वजन ३० ग्रॅमच्या आत ठेवा. पहिला नग तयार झाला की एका हातात भरलेला पेला घ्या आणि उभं राहून तो खाऊन पाहा. दोनदा चावावं लागलं तर पुढचे नग लहान करा.

काकडीच्या वाट्या (४० नग)

लांब, सडपातळ, कमी बियांच्या काकड्या घ्या, साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटरपेक्षा जाड नसलेल्या. एकीत दहाएक तुकडे निघतात. चार पुरतात, पण पाच आणा, कारण टोकाकडचे तुकडे अरुंद निघतात आणि एखादी काकडी कडूही निघते. दोन्ही टोकं कापून आधी चाखून पाहा.

साल पूर्ण काढू नका, सालीमुळेच वाटी उभी राहते. सोलाण्याने लांबीच्या दिशेने एकाआड एक पट्टे काढले की दिसायलाही छान दिसतं आणि चावायलाही सोपं जातं. मग २ ते २.५ सेंटिमीटर उंचीचे तुकडे करा. सुरी सरळ चालली पाहिजे. काप तिरका गेला की वाटी कलते आणि ताट उचलताच घसरते. प्रत्येक तुकडा कापल्यावर ओट्यावर ठेवून बघा, डुलत असेल तर खालून पातळसा काप घ्या.

कोरायला लहान गोल कोरणी उत्तम, नसेल तर कडा धारदार असलेला छोटा चमचा. मध्ये चमचा रोवून तो गोल फिरवा आणि बियांचा गर काढा. कडेने ६-७ मिलिमीटर आणि तळाला तेवढंच जाड सोडा. तळ पातळ राहिला की वाटी खालून गळते. मागच्या वेळचं ताटातलं पाणी अर्धं तरी तिथूनच आलं असणार. चुकून आरपार भोक पडलंच तर तो तुकडा बाजूला ठेवा, चिरून दुसरीकडे वापरता येतो.

इथपर्यंतचं काम दुपारी करून ठेवता येतं. डब्यात किचन पेपर पसरा, वाट्या पालथ्या ठेवा, वर आणखी एक पेपर आणि त्यावर दुसरा थर. झाकण लावून फ्रिजमध्ये ४-५ तास त्या चांगल्या राहतात. मीठ मात्र दुपारी लावू नका. इतका वेळ मीठ राहिलं की काकडी लिबलिबीत होते आणि कुरकुरीतपणा जातो. पाहुणे यायच्या तासभर आधी चाळीस वाट्यांना मिळून अर्धा लहान चमचा मीठ आतून चिमटीने लावा, १५ मिनिटं पालथ्या ठेवा, मग आतून-बाहेरून पेपरने नीट टिपून घ्या. पेपर किती ओला होतो ते पाहा. तेवढं सगळं पाणी एरवी ताटात गेलं असतं.

सारण असं करा: शिजवून गार केलेले काबुली चणे १८० ग्रॅम (कोरडे ८० ग्रॅम पुरतात), लाल ढोबळी मिरची ८० ग्रॅम, कांदा ३० ग्रॅम, चिरलेला पुदिना किंवा पार्सली २ मोठे चमचे, घट्ट चक्का ८० ग्रॅम, लिंबाचा रस २ लहान चमचे, मिरपूड पाव चमचा. या चक्क्यासाठी आणि पुढे लेट्यूसच्या सारणाला लागणाऱ्या ४० ग्रॅमसाठी मिळून ३०० ग्रॅम दही सुती फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली वाडगा ठेवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये राहू द्या. चणे अख्खे घालू नका. एवढ्याशा वाटीत दोन चणे बसले की बाकी कशाला जागा उरत नाही, शिवाय ते गडगडून बाहेर पडतात. सुरीने भरड चिरा, थोडे चेचले गेले तर उत्तमच, कारण तो चुरा सारण धरून ठेवतो. मिरचीच्या फोडी ४ मिलिमीटरच्या करा आणि चिरण्याआधी आतला पांढरा भाग आणि बिया काढा. कांदा बारीक चिरून १० मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि पिळून घ्या. त्याचा उग्रपणा कमी होतो आणि गप्पांच्या कार्यक्रमात तोंडाला वासही कमी राहतो.

चणे, मिरची आणि कांदा एकत्र करून ठेवता येतात. चक्का, लिंबू आणि मीठ मात्र भरायच्या वेळीच घाला. मीठ घालताना हात आखडता ठेवा, वाटीला आतून लागलेलं आहेच. पुदिना अगदी शेवटी, कारण आंबटाच्या संगतीत हिरवा रंग तासा-दोन तासांत मळकट होतो.

प्रत्येक वाटीत दीड लहान चमचा सारण मावतं, वर थोडा उंचवटा येऊ द्या. एका वाटीला अर्धा मिनिट धरलं तरी चाळीस वाट्यांना २० मिनिटं लागतात. हा वेळ हिशेबात धरलेला नसतो म्हणूनच सगळं आधी भरून ठेवायचा मोह होतो.

काडीवरचे (५० नग)

टोमॅटो, मोझरेला आणि बेसिल हे इटलीतल्या काप्रीच्या नावाने ओळखलं जाणारं सॅलड काडीवर फार छान बसतं. ५० चेरी टोमॅटो (साधारण ६०० ग्रॅम), मोझरेलाचे ५० छोटे गोळे (साधारण ४५० ग्रॅम), बेसिलची ५० लहान पानं आणि ९-१० सेंटिमीटरच्या काड्या लागतील. दात कोरायच्या काड्या आखूड पडतात, धरायला वर जागा उरत नाही.

रस उडतो तो अख्ख्या टोमॅटोतून. साल ताणलेली असते, दात लागला की आतला रस एका जागेतून जोराने बाहेर येतो. म्हणून टोमॅटो आडवा अर्धा करा. अर्धुकं कापलेल्या बाजूने पेपरवर १० मिनिटं ठेवा. बियांभोवतीचा बुळबुळीत रस पेपरमध्ये उतरतो आणि उडायला फारसं काही उरत नाही. मीठ आता नको.

मोझरेलाचे गोळे पाण्यात असतात. ते चाळणीत ओता आणि पेपरवर २० मिनिटं ठेवा, मध्ये एकदा परतवा. मग १ मोठा चमचा ऑलिव्ह तेल, चिमूटभर मीठ आणि मिरपूड लावा. हे चीज मुळात फिकं असतं. त्याला आधी मसाला लावला नाही तर संपूर्ण घास बेचव लागतो, आणि वरून कितीही ड्रेसिंग घातलं तरी ती कसर भरून निघत नाही.

काडीवर लावायचा क्रम महत्त्वाचा. सर्वांत खाली टोमॅटोचं एक अर्धुक, कापलेली सपाट बाजू खाली. ती ताटाला टेकते आणि काडी आपोआप उभी राहते. त्यावर चीज, मग दुमडलेलं बेसिल, वर टोमॅटोचं दुसरं अर्धुक. काडी सालीच्या बाजूने घालताना टोक आधी हलकेच रोवा, मग सरळ दाबा. पिरगाळली तर साल चिरते. चीजमध्येही तसंच. मोझरेलाऐवजी फेटा हे खारट, भुसभुशीत चीज वापरायचं असेल तर ते गार असतानाच २ सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा. खोलीच्या उष्णतेला आलेला फेटा काडी लागताच भुगा होतो.

बेसिल फ्रिजमध्ये ठेवू नका. १० अंश सेल्सियसच्या खालची थंडी त्याला सोसत नाही, पानं काळी पडतात. देठ पाण्यात बुडतील अशी जुडी पेल्यात उभी करून ओट्यावर ठेवा. पानं हाताने खुडा, बोथट सुरीने कापलेल्या कडा लगेच काळ्या होतात. टोमॅटोही बाहेरच राहू द्या, थंडीत त्याचा वास आणि चव मंदावते. लहान फ्रिजच्या तुमच्या अडचणीत एवढ्यानेच एक कप्पा मोकळा होतो.

वरून घालायला २०० मिलिलिटर बाल्सामिक व्हिनेगर मंद आचेवर आटवून साधारण ७० मिलिलिटर करा. १२-१५ मिनिटं लागतात. खिडकी उघडी ठेवा, वाफ नाकात झोंबते. चमच्याच्या पाठीला पातळ लेप राहिला की लगेच उतरवा. गार झाल्यावर ते आणखी दाटतं, आचेवरच मधासारखं दाट केलं तर नंतर गोळी होते. ताट बाहेर नेताना प्रत्येक काडीवर चार-पाच थेंब आणि टोमॅटोवर मिठाची कणी, बस.

कलिंगड आणि फेटा ही जोडीही काडीवर छान लागते, पण फेट्याच्या मिठाने कलिंगडाला भराभर पाणी सुटतं. ती केली तर फोडी गार करून, १५ मिनिटं फडक्यावर निथळून, ताट नेण्याच्या अर्ध्या तासाच्या आतच लावा.

लेट्यूसच्या पानातले (३० नग)

रोमेन लेट्यूसची आतली, ७-८ सेंटिमीटरची पानं घ्या. होडीसारखी खोलगट असतात आणि मधली शीर कडक असल्याने हातात वाकत नाहीत. ३० पानांसाठी चार गड्डे लागतील. बाहेरची मोठी पानं इथे उपयोगाची नाहीत, ती दुसऱ्या दिवशीच्या सॅलडला ठेवा.

पानं धुऊन बर्फाच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवली की पेशी पुन्हा पाणी भरून घेतात आणि मरगळलेलं पानही कडक होतं. त्यानंतर ती अगदी कोरडी करायची. पानाच्या आत पाणी हवं, पानावर नको. फडक्यात सैलसर गुंडाळून, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलीत तर दुसऱ्या दिवशीपर्यंत उत्तम राहतात.

लेट्यूस मरगळतं ते व्हिनेगरपेक्षा तेलामुळे. पानावर मेणासारखा पातळ थर असतो. पाणी आणि आंबट रस त्यावरून ओघळतात, तेल मात्र त्यातून आत शिरतं आणि पानावर ओले, काळपट डाग पडतात. म्हणून पानात पातळ, तेलकट ड्रेसिंग घालू नका. घट्ट सारण घाला.

सारणाला सफरचंद आणि सेलरी घ्या. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ हॉटेलात १८९० च्या दशकात निघालेल्या सॅलडची ही जोडी. मूळ सॅलडात सफरचंद, सेलरी आणि मेयोनेज एवढंच होतं, अक्रोड मागाहून आले. दोन मध्यम सफरचंदं (३०० ग्रॅम), सेलरी ८० ग्रॅम, भाजलेले अक्रोड ५० ग्रॅम, मेयोनेज ४० ग्रॅम, चक्का ४० ग्रॅम, मोहरीची पेस्ट १ लहान चमचा, लिंबाचा रस १ मोठा चमचा. फोडी ५ मिलिमीटरच्या करा. मेयोनेज विकतचं घ्या, कच्च्या अंड्याचं घरी केलेलं तासभर बाहेर राहणाऱ्या ताटात नको. सफरचंद चिरताच लिंबाचा रस चोळा, म्हणजे ते काळं पडायचं लांबतं. अक्रोड भरायच्या वेळीच घाला, आधी घातले तर ओल शोषून मऊ पडतात. पानाला एक मोठा चमचा सारण पुरतं आणि ते देठापासून दूर, पानाच्या रुंद भागात घाला, म्हणजे धरायला देठ मोकळा राहतो. या प्रकाराला दोन घास लागतात, पण पान घासातून सरळ तुटतं म्हणून चालतं.

टोस्टचं काय करायचं

यावेळी टोस्ट टाळा. पुढे कधी करायचे झाले तर १ सेंटिमीटर जाडीचे पावाचे काप दोन्ही बाजूंनी तेल लावून १६० अंशांवर १२-१५ मिनिटं भाजा, मधून तोडून पाहिल्यावर आत मऊ भाग दिसता कामा नये. पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात भरा. गरम असताना भरले तर त्यांच्याच वाफेने मऊ पडतात. सॅलड घालण्याआधी त्यावर कडेपर्यंत लोणी किंवा क्रीम चीजचा थर लावा. स्निग्ध थरातून पाणी लवकर पाझरत नाही. तरीही वाढण्याच्या वीस मिनिटं आधीपेक्षा लवकर भरू नका.

ड्रेसिंग

वरच्या तिन्ही प्रकारांत ड्रेसिंग वेगळं लागत नाही. सारण बदलून पाहायचं असेल तेव्हा मात्र हे प्रमाण उपयोगी पडेल. पानांच्या सॅलडला तेल तीन भाग आणि आंबट एक भाग घेतात, एका घासाच्या सॅलडला दोनास एक घ्या. इथे चव कळायला एकच घास मिळतो आणि पदार्थ गार असतो. गार पदार्थात मीठ आणि गोडी कमी जाणवतात, म्हणून दोन्ही किंचित वाढवा. अर्धा कप तेल, पाव कप लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, १ लहान चमचा मोहरीची पेस्ट, पाऊण चमचा मीठ, १ लहान चमचा मध. आधी तेल सोडून बाकी सगळं ढवळा, मग तेल बारीक धारेने घालत फेटा. मोहरीमुळे तेल आणि रस लवकर फुटत नाहीत. अर्धा चमचा बशीवर घालून बशी तिरकी करा. ड्रेसिंग हळूहळू सरकलं तर ठीक, पाण्यासारखं धावलं तर आणखी थोडी मोहरीची पेस्ट किंवा चक्का घालून फेटा. चाखताना चमच्याने चाखू नका, काकडीच्या किंवा लेट्यूसच्या तुकड्याला लावून चाखा. नुसतं ड्रेसिंग नेहमीच जास्त खारट आणि आंबट लागतं, आणि मग घाबरून ते सौम्य केलं जातं.

सारणं बदलताना तीन गोष्टींपासून सावध राहा. बीट इतर भाज्यांत मिसळलं की सगळंच लाल होतं, त्यामुळे ते वेगळं ठेवून वरून घाला. ताजा अननस आणि कच्चं किवी दही-चक्क्यात मिसळू नका, त्यांच्यातली एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतात आणि थोड्या वेळात सारण कडवट होतं. आणि मोड आलेली कडधान्यं कच्ची घालू नका. मोड यायला लागणाऱ्या उबेत आणि ओलीत जंतूही वाढतात, पाहुण्यांत गरोदर बाई, लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर ती धोक्याची ठरतात. वाफवून घेतली तर हरकत नाही.

वेळापत्रक

पाहुणे शनिवारी ७ ला येणार असं धरलं आहे. वेळ वेगळी असेल तर सगळं त्या हिशेबाने सरकवा.

शुक्रवारी सकाळी चणे भिजत घाला. संध्याकाळी ते शिजवून, निथळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवा. त्याच वेळी दही टांगा, पानं धुऊन गुंडाळा, अक्रोड भाजा, व्हिनेगर आटवा.

शनिवारी ३ वाजता काकड्या कोरा, ढोबळी मिरची आणि सेलरी चिरा. ५:३० ला टोमॅटो अर्धे करा आणि मोझरेला निथळत ठेवा. ६ ला काकडीच्या वाट्यांना मीठ लावा, आणि त्या १५ मिनिटांत दोन्ही सारणं कालवा. सफरचंद तेव्हाच चिरा. सव्वासहाला एकाने काड्या लावायला बसावं, दुसऱ्याने वाट्या टिपून भरायला घ्याव्यात. पानं सर्वांत शेवटी, पावणेसातनंतर. फ्रिजमध्ये जागा नसेल तर पानांचा डबा बर्फ घातलेल्या मोठ्या भांड्यात ठेवा, झाकण घट्ट लावा.

सगळे १२० नग एकदम बाहेर नेऊ नका. निम्मे भरा आणि वाढा, उरलेलं सारण आणि वाट्या फ्रिजमध्येच राहू द्या. पहिली ताटं निम्मी झाली की मदतनीस दुसरी फेरी भरेल. यात तीन फायदे आहेत: नग ताजे राहतात, काय खपतंय ते कळतं, आणि जे खपत नाही ते भरायचं वाचतं.

वाढताना

लहान ताटल्या घ्या, एकीत १२ ते १५ नग, दोन नगांमध्ये बोटभर अंतर. दाटीवाटीने मांडलेले नग उचलताना शेजारचा आडवा होतो, म्हणून लोक हातच घालत नाहीत. काकडीच्या वाट्यांची ताटली आधी २० मिनिटं फ्रिजमध्ये गार केलेली असली तर बरं. प्रत्येक ताटलीजवळ पेपर नॅपकिन आणि वापरलेल्या काड्यांसाठी एक रिकामी वाटी ठेवा, त्या वाटीत स्वतःच एक काडी टाकून ठेवा म्हणजे ती कशासाठी आहे ते कळतं. सगळ्या ताटल्या एकाच टेबलावर न मांडता दोन-तीन जागी ठेवा, गप्पांचे घोळके जिथे जमतात तिथे.

ताटलीशेजारी चिठ्ठी लिहून ठेवा: पानातल्या सारणात अक्रोड, अंडं, मोहरी, सेलरी आणि दूध, काकडीत आणि काडीवर दूध. ॲलर्जी असलेल्या माणसाला प्रत्येक वेळी विचारायला लावू नये.

पाच वर्षांखालच्या मुलांना काडी देऊ नका. त्यांच्यासाठी चेरी टोमॅटो लांबीच्या दिशेने चार तुकडे करून वेगळ्या ताटलीत ठेवा. गोल, गुळगुळीत टोमॅटो घशात अडकण्याचा धोका खरा आहे. अक्रोडही त्यांच्या ताटलीत नकोत.

चक्का, चीज, मेयोनेज आणि शिजवलेले चणे असलेलं काहीही खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नको. हा वेळ ताट बाहेर आल्यापासून मोजा. ताट बर्फाच्या मोठ्या ताटावर ठेवलं तर नग गार राहायला मदत होते, पण वितळलेलं पाणी वरच्या ताटात चढणार नाही एवढी उंची हवी.

टेबलावर तेवढा वेळ राहून उरलेलं टाकून द्या. फ्रिजमधून बाहेर न आलेलं चण्याचं सारण दुसऱ्या दिवशी चालतं, सफरचंदाचंही, अक्रोड न घालता ठेवलेलं असलं तर. कोरलेल्या काकडीचा गर मात्र त्याच दिवशी वापरून टाका.